भीतीचा कानमंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मला भुताखेतांचे सिनेमे आवडतात, असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर माझ्याकडे निरखून बघतो. बाई चांगल्या घरातली दिसते, पन्नाशी उलटलेली, हातात भाजीची पिशवी, आणि हे काय भलतंच? काही जण हसून विषय बदलतात. काही जण काळजीने विचारतात, "रात्री झोप लागते ना हो तुम्हाला?" लागते. उत्तम लागते.

हा माझा छंद तीस-बत्तीस वर्षांचा आहे. कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने कॅसेट आणण्यापासून त्याची सुरुवात झाली. मग सीडी आल्या, डीव्हीडी आल्या. आवड मात्र एका ठरावीक तऱ्हेच्या सिनेमांची राहिली. जुने, बरेचसे कृष्णधवल, आणि मोठ्या स्टुडिओंच्या तिजोरीपासून दूर, चार मित्रांनी पैसे गोळा करून काढलेले. रक्ताचे पाट आणि तुटलेले हातपाय यांच्यात मला गोडी नाही. मग गोडी कशात आहे, असं कुणी विचारलं तर पूर्वी मला नीट सांगता येत नसे. आता येतं. भयपट हा डोळ्यांनी बघायचा प्रकार आहे असं आपण समजतो, पण भीती आत शिरते ती कानातून. खिशात पैसे नसलेल्या दिग्दर्शकांना हे फार लवकर कळलं होतं. रेडिओ ऐकणाऱ्या मंडळींना ते पटायला जड जाऊ नये.

मला हे शिकवलं माझ्या वडिलांनी. नाना शेवटची सहा-सात वर्षं माझ्याकडे राहायला होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. आधी उजेड आणि अंधार एवढं कळायचं, पुढे तेही कळेनासं झालं. दिवसभर रेडिओची सोबत. बातम्या, नाट्यसंगीत, आणि श्रुतिका असेल त्या दिवशी तर जेवणाची वेळ पुढेमागे करायची. रात्री ते आडवे झाले की मी बाहेरच्या खोलीत माझा सिनेमा लावायची, आवाज अगदी बारीक ठेवून. एका रात्री आतून हाक आली, "अगं, असं चोरून काय ऐकतेस? आवाज वाढव, आणि मलाही बाहेर घेऊन चल."

"नाना, भुताचा सिनेमा आहे. तोही इंग्रजी."

"असू दे. भूत थोडंच बोलतं?"

त्या रात्री मी लावला होता 'कॅट पीपल'. १९४२ सालचा हा अमेरिकी चित्रपट. आर.के.ओ. स्टुडिओला त्या काळात पैशांची चणचण होती. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन'सारख्या मोठ्या चित्रपटांनी नाव दिलं होतं, पण गल्ला भरला नव्हता. तेव्हा स्टुडिओने व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला स्वस्तातले भयपट काढायला बसवलं. अटी अशा, की खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ ठरवणार. ल्यूटनने नाव घेतलं आणि बाकीचं आपल्या पद्धतीने केलं. जाक तूर्नर हा त्याचा दिग्दर्शक. गोष्ट एका तरुणीची, आयरीनाची. राग किंवा मत्सर मनात उसळला की आपण बिबळ्यासारखं हिंस्र जनावर होऊ, असं तिला वाटत असतं. आता हे रूपांतर दाखवायला लागतं केवढं सामान! ल्यूटनकडे ते नव्हतं. म्हणून त्याने ते दाखवलंच नाही.

त्यातला एक प्रसंग चित्रपटशास्त्राच्या वर्गात आजही दाखवला जातो. आयरीनाच्या नवऱ्याची सहकारी ॲलिस रात्री एकटी घरी निघाली आहे. बागेच्या दगडी भिंतीकडेचा रस्ता, थोड्या थोड्या अंतरावर दिवे. मागून आयरीना येते आहे. पार्श्वसंगीत नाही. फक्त दोघींच्या उंच टाचांचा आवाज. टक्, टक्, टक्. ॲलिस घाबरून वेग वाढवते, मागे वळून बघते, रस्ता रिकामा. ती जवळजवळ धावू लागते. आणि अचानक कानाजवळ जनावर फिसकारल्यासारखा आवाज येतो. आपण दचकतो. ती असते बस. तिच्या दाराचा आणि ब्रेकचा आवाज. बस येऊन थांबते, ॲलिस चढते, निघून जाते. एवढंच.

हा प्रसंग मी तोवर तीनदा बघितला होता. नाना खुर्चीत मान थोडी कलती करून बसले होते. बस यायच्या कितीतरी आधी ते हळूच म्हणाले, "दुसरी थांबली."

मला काही समजेना. मी तो तुकडा पुन्हा लावला, या वेळी डोळे मिटून. खरंच की! सुरुवातीला टाचांचे आवाज दोन आहेत. एक जरा संथ, दुसरा घाईचा. आणि मध्येच, काहीही न सांगता, दुसरा बंद होतो. पुढे चालणारीची पावलं तेवढी उरतात. मागची बाई थांबली, की तिच्या पावलांना आता टाचा राहिल्या नाहीत? चित्रपट सांगत नाही. मी तीन वेळा दचकले होते ते बसमुळे, असं मला वाटत होतं. पण खरी भीती त्या आधीच्या अर्ध्या मिनिटात तयार झाली होती, आणि मला तिचा पत्ता लागला नव्हता. डोळे रस्त्यावर गुंतलेले होते ना!

पुढे अशा युक्तीला 'ल्यूटन बस' हेच नाव पडलं. ताण वाढवत न्यायचा आणि तो भलत्याच, निरुपद्रवी गोष्टीवर फोडायचा. आज प्रत्येक भयपटात एक तरी मांजर कपाटातून उडी मारतं, ते या बसचंच वंशज. फरक इतकाच, की नुसती उडी मारणारं मांजर स्वस्त आहे. त्याआधीचं अर्धं मिनिट अवघड आहे.

कानाला एवढं महत्त्व का? एक तर उघड कारण आहे. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. भीतिदायक दृश्य आलं की आपण ओंजळीत तोंड लपवतो, पण आवाज बोटांच्या फटींतून येतच राहतो. दुसरं असं, की अचानक मोठा आवाज झाला की शरीर आधी दचकतं आणि मेंदू मागाहून विचार करतो. ही सोय निसर्गाने सिनेमासाठी केलेली नाही. जंगलात मागे फांदी मोडली तर 'हे काय असावं बरं' असा विचार करत बसणाऱ्याचा वंश फार वाढला नसता.

तिसरं कारण मला विशेष गमतीचं वाटतं. डॅनियल ब्लूमस्टीन हे कॅलिफोर्नियातले जीवशास्त्रज्ञ मार्मट नावाच्या, खारीच्या कुळातल्या डोंगरी प्राण्याचा अभ्यास करतात. भेदरलेलं पिल्लू ओरडतं तेव्हा त्याचा आवाज फाटतो, खरखरीत होतो, कारण घशावर झेपेल त्याहून जास्त जोर पडलेला असतो. त्यांनी २०१० साली सहकाऱ्यांबरोबर चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या, तेव्हा भयपटांत अशा फाटलेल्या, खरखरीत आवाजांचा वापर जास्त आढळला. संगीतकारांनी काही प्राणिशास्त्र वाचलेलं नव्हतं. त्यांच्या कानांनी ते ओळखलं होतं.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको', १९६०. हिचकॉक तोवर मोठा दिग्दर्शक झाला होता, पण या कथेवर स्टुडिओचा विश्वास नव्हता. तेव्हा त्याने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतली माणसं घेऊन, कृष्णधवल फिल्मवर, हात आखडून हा चित्रपट काढला. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत असू नये, असं त्याचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही ते लिहिलं. साऱ्या चित्रपटासाठी त्यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना तुताऱ्या. आणि त्या प्रसंगात व्हायोलिनच्या तारांमधून अशा किंकाळ्या काढल्या, की ऐकल्यावर हिचकॉकने आपलं मत बदललं. सुरी अंगात जाण्याचा आवाज आला तो खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसून. पडद्यावर बघाल तर सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. ते काम फळाने आणि व्हायोलिनने केलं आहे.

हरमन आले होते कुठून? रेडिओवरून. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हे नभोनाट्य सादर केलं. मंगळावरून स्वारी झाल्याच्या खोट्या बातम्या त्यात खऱ्या बातम्यांसारख्या दिल्या होत्या. त्याच्या संगीताची बाजू हरमनच सांभाळत होते. नृत्यसंगीत चाललेलं असतं, ते मध्येच तुटतं, बातमी येते, पुन्हा संगीत सुरू होतं. देशभर लोक रस्त्यांवर धावत सुटले, ही कहाणी वर्तमानपत्रांनी बरीच फुगवली होती असं आता अभ्यासक मानतात. पण संगीत मध्येच तोडलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे त्या रात्री सिद्ध झालं. नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुझे सिनेमे हे आमच्या श्रुतिकांचे धाकटे भाऊच की!"

पैसा कमी आणि कान तयार, असा योग १९७८च्या 'हॅलोविन'मध्ये जुळला. तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये काढलेला हा चित्रपट. खुनी माणसाचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कप्तानाच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा, पांढरा रंग फवारलेला. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी संगीत नसलेली प्रत एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली. त्यांना अजिबात भीती वाटली नाही. संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून कार्पेंटर स्वतःच वाद्यावर बसले. त्यांचे वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला लहानपणी पाच मात्रांचा ठेका शिकवला होता, तो त्याने इथे वापरला. आपल्याकडे झपताल ऐकलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा पडतात. 'हॅलोविन'ची धून तीन-तीन-दोन-दोन अशी पडते. केरव्याच्या सरळ चालीची सवय असलेला पाय तिथे अडखळतो. कुणीतरी लंगडत, न थांबता मागे येतं आहे असं वाटत राहतं. तीच माणसं, तेच रस्ते, तोच मुखवटा, आणि आता लोक खुर्चीत आक्रसून बसू लागले.

मूकपटांचं काय, असा प्रश्न कुणाच्या मनात येईल. रास्त आहे. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' हा जर्मन चित्रपट १९२२चा, म्हणजे बोलपटाच्या आधीचा. पण त्याचं उपशीर्षक बघा. 'भयाची सिम्फनी'! पडद्यासमोर वाद्यवृंद बसणार, हे धरूनच तो केला होता. 'ड्रॅक्युला'ची कथा परवानगीविना वापरल्याबद्दल ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. परदेशी गेलेल्या प्रतींमुळे चित्रपट वाचला, पण हान्स एर्डमन यांनी लिहिलेलं मूळ संगीत बरंचसं हरवलं. म्हणून या चित्रपटाला वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी संगीत दिलं आहे. माझ्याकडे दोन प्रती आहेत. एकीत जिन्यावरून चढणारी ती सावली पाहून अंगावर काटा येतो. दुसरीत तीच सावली जरा विनोदी वाटते. चित्र एकच. बदलला तो आवाज.

आता माझ्या अतिशय लाडक्या चित्रपटाकडे येते, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट काढणाऱ्या तरुणांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तो केला. जॉर्ज रोमेरो हा त्यांचा म्होरक्या. रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत, कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलं. संगीतासाठी पैसे नव्हते, ते तयार संगीताच्या संग्रहातून उचललं. कथा साधी. मेलेली माणसं उठून जिवंतांना खाऊ लागली आहेत, आणि शेतातल्या एका घरात काही अनोळखी माणसं अडकली आहेत. त्या घरात एक रेडिओ असतो. बेन नावाचा तरुण दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकत असतो आणि मागे बातम्या देणारा शांतपणे, सरकारी आवाजात, न समजणाऱ्या गोष्टी सांगत असतो. बाहेरच्या प्रेतांपेक्षा मला तो आवाज जास्त घाबरवतो. त्याला काही माहीत नाही, आणि तरी तो बोलतो आहे.

शेवट सांगते आहे, त्याबद्दल माफ करा. रात्रभर लढून एकटा बेन वाचतो. सकाळी बंदूकधाऱ्यांची टोळी येते आणि मुडदा समजून त्यालाच गोळी घालते. बेनचं काम करणारा ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट होता. सर्वांत चांगली चाचणी त्याने दिली म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो नेहमी सांगत. चित्रपट तयार करून ते प्रत गाडीत घालून न्यूयॉर्कला विकायला निघाले होते, तेव्हा गाडीतल्या रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी त्यांनी ऐकली. तारीख ४ एप्रिल १९६८. त्या क्षणी डिकीतल्या चित्रपटाचा अर्थ बदलला असणार. भुतांचे सिनेमे म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्यांना मी एवढी एकच हकीकत सांगते. समाजाला जे उघड बोलवत नाही, ते कधी कधी या फाटक्या कपड्यांतल्या सिनेमातून बोललं जातं.

हा चित्रपट जगभर पोचला त्यामागे एक चूकही आहे. ऐन वेळी त्याचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने तो सर्वांचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही छापावा. करणाऱ्यांचं नुकसान झालं, चित्रपट मात्र अमर झाला. १९९९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत त्याची नोंद झाली.

त्याच १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. तीन तरुण जंगलात चेटकिणीचा शोध घ्यायला जातात, एवढीच कथा. चेटकीण अखेरपर्यंत दिसत नाही. रात्री तंबूबाहेर लहान मुलांचे आवाज येतात. हे आवाज दिग्दर्शकांनीच अंधारात टेप लावून ऐकवले होते. मी हा चित्रपट नानांना ऐकवला तेव्हा त्यांनी तंबूच्या प्रसंगानंतर थांबवायला सांगितलं. म्हणाले, "रात्री मुलं हसू नयेत."

आपल्याकडे हे नव्हतं का? होतं. १९४९चा 'महल' आठवा. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, खेमचंद प्रकाश यांचं संगीत. त्यातलं लताबाईंचं गाणं दुरून येतं आणि जवळ येत जातं. तेव्हा असा परिणाम साधायला यंत्रं नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला होता, आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या, असं त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितलं. म्हणजे ते भूत खरोखरच चालत आलं आहे! गंमत अशी, की सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेवर त्यांचं नावही नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं, 'कामिनी' हे नाव होतं.

आणि रामसे बंधू. त्यांचं नाव काढलं की सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. पण १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'पासून या सात भावांनी जे केलं, ते रोमेरोच्या टोळीपेक्षा फार वेगळं नव्हतं. एक भाऊ लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक ध्वनी सांभाळणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, आणि सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला जाऊन चित्रीकरण करणार. त्यांच्या वडिलांचा धंदा कोणता होता, ठाऊक आहे? रेडिओचा. आधी कराचीत, फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. रामसेंचे मुखवटे आज हसू आणतात, हे मलाही मान्य आहे. पण 'पुराना मंदिर'मधलं दार करकरतं तेव्हा डोळे मिटून ऐका. हसू येणार नाही.

अलीकडचा 'तुंबाड' तर आपल्या मातीतलाच. राही अनिल बर्वे यांनी २०१२मध्ये सुरू केलेला हा चित्रपट २०१८मध्ये पडद्यावर आला. बीज नारायण धारपांच्या कथेचं, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं, वाडा सासवडचा. त्यात पाऊस थांबतच नाही. आणि बंद दारामागे साखळदंडाने बांधलेली म्हातारी. ती दिसण्याआधी तिचं घोरणं ऐकू येतं. पहिल्या खेपेला फार चालला नाही. २०२४मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. मधली सहा वर्षं लोक एकमेकांना त्याच्याविषयी सांगत राहिले होते.

शेवटी एका चित्रपटाची गोष्ट सांगते आणि थांबते. १९६२चा 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी हर्क हार्वी नावाचे गृहस्थ शैक्षणिक आणि कारखान्यांसाठीचे माहितीपट काढत. आयुष्यात त्यांनी कथाचित्र काढलं ते हे एकच, सुमारे तीस-तेहेतीस हजार डॉलरमध्ये. एक तरुणी अपघातात नदीत बुडते, वर येते, आणि दुसऱ्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी धरते. एक दिवस ती कापडाच्या मोठ्या दुकानात गेलेली असताना भोवतालच्या जगाचा आवाज नाहीसा होतो. माणसांचे ओठ हलतात, रस्त्यावरून गाड्या जातात, पण ऐकू काही येत नाही. ती बोलते, कुणी वळून बघत नाही.

हा प्रसंग लागला आणि नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. "दुकानातली माणसं कुठं गेली?"

"आहेत नाना. दिसताहेत. फक्त आवाज नाही."

"तू बोलत राहा," ते म्हणाले. त्यांचा हात गार पडला होता.

मी बोलत राहिले. काय बोलले आठवत नाही, बहुधा पडद्यावर काय चाललंय तेच सांगत होते. मग ती मुलगी बागेत जाते, आणि एक पक्षी चिवचिवतो. पाठोपाठ सगळं जग परत येतं. नानांनी मनगट सोडलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला रोज होतं हे."

मला तेव्हा चटका बसला. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून मी त्यांच्या खोलीत पावलं न वाजवता जात असे. पाण्याचा तांब्या ठेवून, पांघरूण नीट करून तशीच परत येत असे. मला वाटायचं, आपण किती काळजी घेतो. आणि ते अंधारात पडल्या पडल्या ऐकत असणार, की खोलीत कुणीतरी आहे आणि ते बोलत नाही. मी रोज माझ्या वडिलांच्या खोलीत भुतासारखी वावरत होते. हे मला सांगायला साठ वर्षांपूर्वीचा, कॅन्ससमधल्या कुणा अनोळखी माणसाने काढलेला स्वस्तातला चित्रपट लागला. दुसऱ्या दिवसापासून मी दाराशीच "नाना, मी आलेय" म्हणू लागले. जाताना "जाते हं" म्हणू लागले. ते गेले तोपर्यंत म्हणत होते.

भयपट कशाला बघायचे, याचं माझं उत्तर एवढंच आहे. प्रत्येकाची भीती वेगळी असते, आणि ती सहजासहजी कुणी सांगत नाही. दीड तास अंधारात शेजारी शेजारी बसलं, तर ती कधी तरी कळते.

तुम्हाला कधी हे सिनेमे बघावेसे वाटले तर एक करा. लहान मुलं झोपल्यावर बघा, आणि पहिल्या खेपेला एकट्याने बघू नका. जो प्रसंग फार घाबरवेल तो एकदा आवाज बंद करून बघा. मग तोच प्रसंग डोळे मिटून ऐका. दुसऱ्या वेळी, मागून येणारी पावलं मध्येच थांबली तर ती तुमच्या लक्षात येतील.